कमरुन्निसाआपा आणि आतली बुढी

आमच्या कारखान्याच्या ऑफिसात सकाळी पहिला आवाज कमरुन्निसाआपांचा. कंप्युटर सुरू करायच्या आणि विचारायच्या, "उठी क्या गे बुढी?" नवीन माणसाला वाटायचं, बाई कुणा म्हातारीशी फोनवर बोलतायत. मी समोरच्याच टेबलावर बसते, माल बाहेर पाठवायची कागदपत्रं करते. मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर सकाळी मला कशाचंच काही वाटत नाही. शुक्रवार पेठेतून शेअर रिक्षात चेंगरून एमआयडीसीत पोचेपर्यंत निम्मा जीव तिथेच गेलेला असतो. आपा त्याच रिक्षात असायच्या, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, गुडघे धरलेले, आणि तरी पोचल्या पोचल्या म्हातारीची चौकशी.

ही बुढी म्हणजे काय ते आधी सांगते. आपा चादरी आणि टॉवेलांवरची नक्षी काढायच्या. टेबलावरचा त्यांचा कंप्युटर नवा, पण नक्षी काढायचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नव्या कंप्युटरवर ते चालेचना. म्हणून त्या नव्या कंप्युटरच्या पोटात एक जुना कंप्युटर बसवला होता. बसवला म्हणजे डबा-बिबा काही नाही. पडद्यावर एक चौकोन उघडायचा आणि त्या चौकोनात वीस वर्षांपूर्वीचा अख्खा कंप्युटर, निळं आभाळ आणि हिरव्या टेकडीसकट. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? आपांनी तिचं बुढी करून टाकलं आणि मग मालकांपासून हमालांपर्यंत सगळे बुढीच म्हणायला लागले.

आपांचे यजमान फकीरभाई याच कारखान्यात होते. नक्षी मागावर चढवण्यासाठी पूर्वी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडावी लागत, ते काम त्यांचं. घरी बसून आलेखाच्या कागदावर चौकोन भरताना आपा त्यांना मदत करायच्या, तिथेच शिकल्या. फकीरभाई गेले, तेव्हा आमच्या मालकांनी, पंचाक्षरी अण्णांनी, आपांना बोलावून घेतलं. पुढे पुठ्ठे गेले, कंप्युटर आला, आपा तोही शिकल्या. हौस म्हणून नव्हे. लेक सबा लहान होती आणि घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं.

आता त्या सॉफ्टवेअरला एक किल्ली होती. बोटाच्या पेराएवढी, कंप्युटरच्या मागे लावायची. ती असली तरच ते उघडायचं. आमचा हमाल कल्लप्पा एकदा टॉवेलांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन टेबलाशेजारून वळला, गठ्ठ्याचा धक्का लागला आणि किल्ली कटकन मोडली. नशीब एवढंच की सॉफ्टवेअर तेव्हा उघडं होतं, आणि उघडताना एकदा किल्ली पाहिली की नंतर ते काही विचारत नसे. ज्या कंपनीने ते केलं होतं ती केव्हाच बंद पडलेली. दुसरी किल्ली मिळायची सोय नव्हती. म्हणून ठरलं की बुढीला बंद करायचंच नाही. संध्याकाळी झोपवायचं, सकाळी उठवायचं. झोपवली की ती होती तशी थिजून राहायची, उघड्या सॉफ्टवेअरसकट, आणि उठवली की काल जिथे होती तिथून पुढे चालू.

दुसरीकडे कुठे हे सांगितलं तर लोक हसतील. आमच्याकडे कुणी हसलं नाही, कारण आमचे माग असेच चालतात. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला तरी त्याची टोकं काढत नाहीत. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला गाठतात आणि पुढे ओढून घेतात. माग एकदा रिकामा झाला तर सगळे धागे पहिल्यापासून ओवत बसावं लागतं. त्यामुळे रिकामं होऊ द्यायचं नाही, बंद करायचं नाही, हे इथल्या माणसाच्या हाडात बसलेलं. नवीन सॉफ्टवेअर घ्यायचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावायचा त्याला?" तात्पुरती म्हणून केलेली सोय अशी वर्षानुवर्षं चालली.

चालली ती कुणाच्या जिवावर, ते मात्र कुणी बघितलं नाही. एकदा एका बदली माणसाने बुढीचा चौकोन चुकीच्या टोकाला दाबला आणि ती बंदच व्हायची, तर आपा डबा सोडून तशाच खरकट्या हाताने धावल्या. त्या दिवसापासून त्यांनी कुणाला त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. आणि काम तर रोजचं. ह्या मागाला काठ रुंद करा, त्या चादरीतलं मधलं फूल काढा, अमक्या हॉटेलचं नाव टॉवेलात विणा. म्हणजे आपांना सुट्टी नाही. ताप आला तरी नाकाला रुमाल बांधून हजर. वेळापूरला भाचीच्या लग्नाला गेल्या, तर निकाह लागला, चार घास खाल्ले आणि परतीच्या एसटीत. नव्या नवरीला नीट बघितलंसुद्धा नाही म्हणाल्या.

सबाचं पहिलं बाळंतपण सोलापुरातच झालं. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा आपा ऑफिसात होत्या. एक नक्षी तातडीने हवी होती. ती संपवली, बुढीला झोपवलं, मग रिक्षा शोधली. पोचल्या तेव्हा नात होऊन, तिला दुपट्यात गुंडाळून शेजारणीच्या मांडीवर दिलेली. सबा रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "अम्मी, तू बुढीला झोपवून येईस्तोवर ही उठलीसुद्धा." आपांनी हे मला रिक्षात सांगितलं. सांगताना हसल्या, पण मला नाही हसू आलं.

यंदा सबाला पुन्हा दिवस राहिले. ती आता सांगोल्याला असते. नवरा सोहेब डाळिंबाचा टेम्पो चालवतो, हंगामात आठआठ दिवस घरी नसतो. सासू नाही. त्यात डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहायचं, उठायचं नाही. सबाचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. तिने जास्त काही विचारलं नाही. "अम्मी, येणार का नाही तेवढं सांग. नाही म्हणलीस तर मी दुसरं काहीतरी बघते."

आपा अण्णांकडे गेल्या. अण्णा वाईट माणूस नाहीत. फकीरभाईंच्या मयतीला त्यांनी खांदा दिलेला आहे. पण मालक ते मालकच. म्हणाले, "जावा की आपा. तुमची लेक ती माझी लेक. फकस्त एक दिवसाआड येऊन जावा. सांगोला काय लई लांब हाय का? एसटी हाय की."

आपा म्हणाल्या, "हां जी."

मला इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. जाऊन-येऊन चार तास एसटीत बसायचं, गुडघे असे, आणि लेक तिकडे अंथरुणावर. रिक्षात मात्र राहवेना. म्हटलं, "आपा, तुम्हाला नाही म्हणता येत नाही का हो?" त्यांनी डोकं मागे टेकवलं, डोळे मिटले. "थकले गे मालती. नाही म्हणायला बी ताकद लागती."

जायचा दिवस आला. दुपारच्या गाडीने निघायचं होतं. टेबलाखाली पिशवी होती. तिच्यात खारीक, डिंक, अळीव आणि जुन्या सुती साड्यांची धुतलेली दुपटी. चालू मागांना लागणाऱ्या नक्ष्या आपांनी काढून बाहेर पेनड्राइव्हवर दिल्या, बुढीला झोपवलं आणि गोदामाच्या कोपऱ्यात जोहरच्या नमाजाला गेल्या. तेवढ्यात अनीश आला.

अनीश आमच्यासारख्या पाच-सहा कारखान्यांचे कंप्युटर बघतो. तिशीतला, बोलघेवडा, मनाने चांगला. बुढीला ज्या सॉफ्टवेअरने पोटात धरलं होतं, त्याची नवी आवृत्ती आल्याचा निरोप रोज सकाळी पडद्यावर यायचा आणि आपा रोज 'नंतर' दाबायच्या. आज अनीशच्या डोळ्यांसमोर तो निरोप आला. "काकू, आपा निघाल्यात, तर जाण्याआधी हे ताजं करून देतो. म्हणजे मागे कटकट नको."

मला या अपडेटांचा मनापासून तिटकारा आहे. काल जे बटण डावीकडे होतं ते आज उजवीकडे, रंग वेगळा, आणि वर आपणच त्याचे आभार मानायचे. मी विचारलं, "बुढीला काही होणार नाही ना?"

"ती झोपलीय हो. सगळं जपून ठेवलेलं आहे. झोपेत काय होणार?"

अपडेट चढत होतं तोवर त्याने फोनवर नव्या आवृत्तीचं कौतुक वाचून दाखवलं. आतला पडदा पहिल्यापेक्षा झरझर हलणार. डोळ्यांना त्रास नको म्हणून काळी पार्श्वभूमी. दोन पडद्यांवर एकदम काम. आतली फाइल नुसती ओढून बाहेर टाकता येणार. नव्या-नव्या विंडोजची सोय. मी हूं हूं करत होते. माझं लक्ष घड्याळाकडे, आपांची गाडी चुकायला नको.

अपडेट झालं. अनीशने बुढीला उठवायला घेतलं. हिरवी पट्टी अर्ध्यावर गेली, थांबली, आणि तांबड्या खुणेची एक पाटी वर आली. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तीच पाटी. अनीशचा चेहरा उतरला. फोनवरची ती यादी त्याने आता खालपर्यंत वाचली. नवलाई संपल्यावर, बदलांच्या शेवटी लिहिलेलं होतं: ही आवृत्ती चढवण्याआधी आतलं मशीन पूर्ण बंद करावं, जुन्या आवृत्तीत झोपवलेलं मशीन नव्या आवृत्तीत उठेल याची खात्री नाही.

आपा नमाज उरकून, पदर सारखा करत दारात उभ्या होत्या. त्यांना आमच्या तोंडावरूनच कळलं. "मेली का?" एवढंच विचारलं.

"नाही नाही, आपा," अनीश घाईघाईने म्हणाला. "मरायला काय झालं? नवी आवृत्ती काढतो, जुनी परत टाकतो, की उठेल जशीच्या तशी. जुनी माझ्या दुकानातल्या डिस्कवर आहे, घेऊन येतो." मग त्याने अण्णांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

अण्णांनी आधी दोन शिव्या हासडल्या. मग जुनी परत टाकता येते म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "आपा, घाबरू नका. पण बघितलं का? तुमी टेबलावर न्हाई म्हटलं की हे असं होतंय. एक दिवसाआड नको आता. रोजच या. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं जायचं. तिकिटाचं मी बघतो की."

"हां जी," आपा म्हणाल्या.

अनीश निघाला. दारातून मागे वळून म्हणाला, "फक्त त्या पाटीला हात लावू नका. तिथे एक बटण आहे, डिस्कार्ड. ते दाबलं की झोपवलेलं सगळं पुसलं जातं. मग देव आला तरी परत आणता येणार नाही."

तो गेला. आपा आपल्या खुर्चीत बसल्या. आत मागांचा खडखडाट चालू होता. त्यांच्या नक्ष्या बाहेर काढून दिलेल्या होत्या, तेव्हा माग काही थांबणार नव्हते. आपांचा फोन वाजला. सबाचा. "हां बेटा," एवढं बोलून त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "निघते. निघते गे." फोन ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. मला वाटलं रडतात. रडत नव्हत्या. चष्मा लावून त्या पाटीवरचं इंग्रजी एकेक अक्षर लावत वाचू लागल्या.

"मालती, हे दाबलं की ती परत उठत न्हाई ना?"

"नाही. म्हणून तर हात लावू नका म्हणाला तो."

"सॉफ्टवेअर बी उघडणार न्हाई."

"किल्लीशिवाय कसं उघडेल?"

त्यांनी मान डोलावली. माझा त्यात काही हेतू होता असं कुणाला वाटेल, तर नव्हता. मी विचारलं त्याला उत्तर दिलं. पुढच्या क्षणी त्यांचा हात माउसवर गेला आणि त्यांनी बटण दाबलं. पाटीने विचारलं, नक्की? आपांनी पुन्हा दाबलं.

"आपा!" मी ओरडले.

"झालं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बुढीला नव्याने सुरू केलं. चौकोनात निळं आभाळ, हिरवी टेकडी, आणि त्यावर काहीच उघडं नाही. आपांनी सॉफ्टवेअरवर दोनदा टिचकी मारली. किल्ली सापडत नाही, असं आलं. त्यांनी ती पाटी मिटवली आणि कंप्युटर बंद केला. पूर्ण बंद. मी इतक्या वर्षांत त्या कंप्युटरचा पंखा बंद पडल्याचा आवाज कधी ऐकला नव्हता, कारण मीच रोज त्यांच्या आधी उठून गेटवर रिक्षा थांबवायला जायची.

मला भीती वाटली. त्यांची नोकरी गेली, हे तर उघड होतं. नव्या नक्ष्यांच्या मागण्या तोंडावर आणि कारखान्यात नक्षी काढणारं दुसरं माणूस नाही. अण्णा काय करतील, पोलिसांत देतील का, असंही डोक्यात आलं. आणि भीतीच्या मागोमाग हेवा वाटला. लपवून काय करू? वाटलाच. मी मुलाच्या आजारपणात, आईच्या शेवटच्या दिवसांत, याच टेबलावर बसलेली आहे. माझ्यापुढे अशी पाटी कधी आली नाही, आणि आली असती तरी मी हात लावला नसता.

अनीश डिस्क घेऊन आला आणि बंद पडद्यापुढे उभा राहिला. त्याने सुरू करून बघितलं, मग कपाळाला हात लावला. त्याच्या मागोमाग अण्णाच आले, स्वतः गाडी काढून. अनीशने त्यांना सांगितलं.

मग अण्णा जे बोलले त्याची मला अपेक्षा नव्हती. आवाज मऊ करून म्हणाले, "जाऊ द्या आपा. वय झालं की होतंय असं. गडबडीत चुकून दाबलं गेलं. त्यात तुमचा काय दोष न्हाई."

मला वाटलं, सुटल्या. मी पटकन म्हणाले, "हो ना अण्णा. मी इथेच होते. चुकूनच लागला हात. नीट दिसत नाही हो त्यांना." अनीशनेही मान हलवली. त्याला तर ते हवंच होतं. त्याची चूकही त्यात झाकली जात होती. सगळ्यांनाच ते बरं होतं. आपांनी नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

आपा खुर्चीचे हात धरून उठल्या. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला, तोवर आम्ही सगळे थांबलो.

"चुकून न्हाई, अण्णा," त्या म्हणाल्या. "मालती माझ्यासाठी बोलती. मला चांगलं दिसतं. मी सगळं वाचलं आन् दाबलं. नक्की का म्हणून विचारलं त्यानं, तर परत दाबलं. अनीशला काय बोलू नका. तो उठवणारच होता तिला."

"अहो पण का?" अण्णांचा आवाज चिरकला. "मी तुमाला काय कमी केलं का? रजा मागितली, दिली न्हवं?"

"दिली की. तुमी लई केलं, मी न्हाई म्हणत न्हाई." आपांना दम लागत होता. "पण ती उठली असती तर मी उद्या सकाळी हितंच असते. तुमी बोलवलं असतं आन् मी आले असते. मला न्हाई म्हणता आलं नसतं, अण्णा. मला माहीत हाय ना मी कशी हाय ते."

अण्णा माझ्या टेबलाला टेकून बसले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. अचानक ते म्हातारे दिसायला लागले. "मग आता नक्षी कोण काढनार?"

आपांनी टेबलाखालून पिशवी ओढली. "ते आता तुमी बघा."

पिशवी जड होती. मी एक बंद धरला, त्यांनी दुसरा, आणि आम्ही गेटपर्यंत आलो. ठरलेली गाडी केव्हाच गेली होती, पुढची मिळाली असती. मी पाण्याची बाटली दिली, त्यांनी उभ्या उभ्या अर्धी संपवली. रिक्षा आली. आपा आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि फोन माझ्या हातात दिला.

"सबाला लावून दे गे. तिला सांग, अम्मी राहायला येतीय."